लेखकाचं नाव लिहू नये

पहिलीच अट: पाच पानं, ओळींत दुप्पट अंतर,
आणि नाव कुठेही दिसता कामा नये.
माझं नाही, विद्यापीठाचं नाही, गावाचं तर नाहीच.

बरं.
मी लिहिलं, "मेनच्या उत्तरेकडची एक कागद गिरणी."
हॅन्ना बाई म्हणाल्या, मेन खोड. कागदही खोड,
त्या वर्षी बंद पडलेली गिरणी एकच, लगेच ओळखतील.
मी कागद खोडला,
कागदावरून.

उरला "एक उत्पादन प्रकल्प".
त्याला वास नाही.
आमच्या गिरणीला होता, उकडलेल्या कोबीचा,
धुण्याला लागू नये म्हणून आई
वारा कुठला ते बघून दोरी बांधायची.

विषय: कामावरून काढणाऱ्यांचं पुढे काय होतं.
काढलेल्यांवर पुष्कळ झालंय, कपाटं भरतील.
मला विचारायचंय, जो पाकीट पुढे सरकवतो
त्याच्या हाताचं काय होतं.
नमुना: एकेचाळीस जण.
पद्धत: मुलाखती, प्रत्येकाची दोनदा.
संशोधकाचे पूर्वग्रह:

इथे कर्सर लुकलुकत राहतो.
बेचाळिसावी मी आहे.

मार्चमधला मंगळवार. नदीवरचा बर्फ फुटला नव्हता.
कँटीनशेजारच्या खोलीत मी, एक टेबल, टिश्यूंचा डबा
(डबा वरच्यांच्या सूचनेत होता, कलम सहा,
"सहज हाताला येईल असा").
दर बारा मिनिटांनी एक माणूस,
आडनावाच्या अक्षरक्रमाने,
त्यामुळे बुशार भाऊ तिघेही एकामागोमाग आले.
धाकट्याने थोरल्यासाठी दार धरून ठेवलं.

रेनाल्ड थिबोडो शेवटून चौथा.
एकतीस वर्षं, मशीन नंबर तीन.
पाकीट त्याने उघडलंच नाही.
फ्रेंचमध्ये म्हणाला, घरात बोलतात तसं,
"ओडिल, लॉकरची किल्ली कुणाकडे द्यायची गं?"
किल्लीबद्दल सूचनेत काही नव्हतं.
मी हात पुढे केला.

हे होतं प्रस्तावात. दुसऱ्या पानावर, चार ओळी.
बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं:
सुंदर. काढून टाक.
बाई वाईट नाहीत. अशा समितीवर त्या बसल्यात,
रात्री तिसावा प्रस्ताव हातात घेतलेल्या माणसाला
काय हवं असतं ते त्यांना माहीत आहे.
किल्ली नको असते त्याला. चौकट हवी असते.

म्हणून तिथे आता "भूमिकेतील संदिग्धता".
दोन शब्द. वाचलेल्या जागेत
खर्चाचा तक्ता नीट बसला:
पेट्रोल, टेप उतरवून घेण्याचे पैसे,
सहभागींना प्रत्येकी वीस डॉलर.

वीस कसे ठरवले, मला विचारू नका.
पंधरा कमी वाटले. पंचवीस लिहिताना
लाच दिल्यासारखं वाटलं.

मुदत रात्री अकरा एकोणसाठ.
साडेअकराला आठवलं, फाइलच्या पोटातही नाव असतं.
शोधत शोधत तिथवर गेले.
लेखक: ओडिल पेलेटिए.
पुसलं. चौकोन रिकामा राहिला,
संगणकाची काही तक्रार नव्हती.

मग एकच बटण.
"आपला अर्ज मिळाला. अर्ज क्रमांक सत्त्याऐंशी.
निर्णय मे महिन्यात कळवण्यात येईल."
पत्राची भाषा मला ओळखीची वाटली.
अशी पत्रं मी लिहिली आहेत.

लॉकर केव्हाच भंगारात गेले,
गिरणीच्या जागी आता नुसतं कुंपण आणि झुडपं.
किल्ली माझ्या पेनांच्या मगमध्ये आहे, दोनशे चौदा नंबरची.
कुणी मागितली नाही.
कुणाला द्यायची, मीही कुणाला विचारलं नाही.

थिबोडो माझ्या नमुन्यात बसत नाही,
तो पाकीट घेणाऱ्यांतला.
तरी आज दुपारी फोन केला. बायकोने उचलला.
नाव सांगितल्यावर ती जरा वेळ गप्पच झाली,
मग म्हणाली, गुरुवारी ये,
गुरुवारी तो घरी असतो. गुरुवारीच काय, रोजच असतो.

येऊन जाऊन दोनशे मैल.
हे पेट्रोल तक्त्यात नाही.